डोक्यामागचा डेपो

देहू तुकोबांचं, चिंचवड मोरया गोसावींचं, तळेगाव पैसा फंडाच्या काच कारखान्याचं, चाकण मोटारींचं. देहूरोड कुणाचं असं विचारलं की माणसं जरा अडखळतात आणि मग डेपोकडे बोट दाखवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने इथे कोठारं उभी केली, आणि भिंतीच्या आत काय चालतं ते भिंतीबाहेरच्याने विचारायचं नाही, हा तेव्हापासून इथला शिष्टाचार आहे. माणसं सकाळी आत जातात, संध्याकाळी सुटतात, बाजारातून मेथीची जुडी घेऊन घरी येतात. लढाई झाली की नाव होतं ते पुढच्या फळीचं. कोठारातला माणूस काय करतो, तर पुढच्याला काय लागणार आहे ते त्याने मागायच्या आधी ओळखून काढून ठेवतो. माल वेळेवर पोचला तर त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि उशीर झाला तर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं घेत नाही.

या शेजाराचा परिणाम असेल, पण मेंदूविषयी वाचायला लागलो तेव्हा माझा जीव जडला तो लहान मेंदूवर.

डोक्याच्या मागून हात फिरवून बघा. मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या खाली, मानेच्या वर, कवटीच्या आत हे महाशय बसलेले असतात. आमच्या शाळेतले मास्तर टपली मारायचे ती नेमकी याच जागी. ‘डोकं वापर जरा’ असं म्हणताना डोक्याचा कुठला भाग त्यांच्या मनात असे, हे आता विचारायची सोय राहिलेली नाही. लहान मेंदूचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याइतकं. पण २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पेशी नीट मोजून काढल्या, तेव्हा एकूण चेतापेशी भरल्या सुमारे ८,६०० कोटी आणि त्यांतल्या ६,९०० कोटी निघाल्या या दहाव्या हिश्श्यात. मोठ्या मेंदूच्या ज्या घडीदार सालीवर आपण कविता, कर्ज आणि कोर्टकचेऱ्या यांचा सगळा भार टाकतो, तिच्या वाट्याला १,६०० कोटी. डोक्यात लोकशाही असती तर दर पाच वर्षांनी लहान मेंदूचंच सरकार आलं असतं.

हा आकडा कट्ट्यावर सांगून मी जरा भाव खात होतो, तोवर हत्ती आडवा आला. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत माणसाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २५,७०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या शेकडा ९७हून अधिक लहान मेंदूत. तरी हत्तीने आजवर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलेलं नाही. (हेच त्याच्या शहाणपणाचं लक्षण, असं कट्ट्यावरच्या एका निवृत्त लेखापालांचं मत पडलं.) नुसत्या संख्येवरून बुद्धी मोजू नये, हे आपल्याला जाहीर सभांवरून माहीत असतंच.

मग या सगळ्या पेशी करतात काय? दीडशेहून अधिक वर्षं याचं उत्तर एकच होतं: तोल सांभाळतात. फ्रान्समध्ये प्येर फ्लूरांस यांनी कबुतरांच्या लहान मेंदूचे थर एकेक करून काढले आणि काय दिसलं ते १८२४ साली छापलं. कबुतराला दिसत होतं, ऐकू येत होतं, उडायची इच्छाही होती. फक्त उडण्याचं जमत नव्हतं; पंख, पाय, मान, सगळे आपापल्या मर्जीने वागत होते. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांसमोर असंख्य जखमी सैनिक आले. त्या काळच्या शिरस्त्राणाने डोक्याची मागची बाजू पुरती झाकली जात नसे, त्यामुळे गोळी नेमकी तिथे लागलेले पुष्कळ. त्यांच्या एका रुग्णाने जे सांगितलं ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. डावा हात आपसूक चालतो, पण उजव्या हाताची एकेक हालचाल मला विचार करून करावी लागते, असं तो म्हणाला. म्हणजे हात लुळा पडला नव्हता. हाताबद्दल विचार करण्याचं काम कुणीतरी आजवर परस्पर करत होतं, ते त्याच्या गळ्यात येऊन पडलं होतं.

होम्ससाहेबांचा हा रुग्ण मला आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रोज दिसतो. फक्त त्याला गोळी लागलेली नसते, तो नुकताच आयटीआय होऊन लागलेला असतो. आमच्या आळीतल्या एका निवृत्त टर्नरकाकांनी भोसरीच्या शेडमध्ये अशी कित्येक पोरं तयार केली. ते सांगतात, नवा पोरगा लेथवर उभा राहिला की त्याचे ओठ हलताना दिसतात. जॉब बांध, चक आवळ, टूल जवळ आण, हळू, हळू, आता कट दे. सगळा मोठ्या मेंदूचा कारभार, पाठांतरासकट. महिन्याभरात ओठ हलायचे थांबतात. वर्षभरात तो हँडल फिरवता फिरवता शेजारच्याशी क्रिकेटवर बोलायला लागतो. आणि काही वर्षांनी एक दिवस, शेडमध्ये दहा मशिनं कोकलत असताना, पाठमोरा उभा असलेला तोच माणूस मान वळवून म्हणतो, ‘अरे, तुझं टूल गेलंय.’ कसं कळलं? काका म्हणतात, आवाजावरून. आवाजात काय? ते सांगता येत नाही. काकांना मी एकदा फार खोदून विचारलं तेव्हा ते वैतागले. ‘हाताला कळतं हो. मला कशाला विचारता?’

हाताला कळतं म्हणजे काय, याचं शास्त्रज्ञांचं म्हणणं साधारण असं. हात हलला, ही बातमी मेंदूपर्यंत पोचायला सेकंदाचा काही अंश लागतो. तेवढ्यात कप सांडतो. म्हणून लहान मेंदू बातमीची वाट बघत नाही. हात आत्ता कुठे असेल याचा तो आधीच अंदाज बांधतो. अंदाज आणि बातमी यांत फरक पडला तर पुढच्या वेळचा अंदाज सुधारतो. तिथल्या पुर्किन्ये नावाच्या एकेका पेशीकडे लाखभर जोडण्यांतून खबरा येतात, आणि चूक झाल्याचं कळवायला मात्र एकच जाडजूड तंतू येऊन तिला वेढून बसतो. डेव्हिड मार यांनी १९६९ साली आणि जेम्स अल्बस यांनी १९७१ साली या रचनेवरून शिकण्याचा सिद्धान्त मांडला आणि जपानच्या मासाओ इतो यांनी प्रयोगांतून तो उचलून धरला. आमच्या कोठारवाल्याचंच काम हे. मागणी यायच्या आत माल काढायचा, आणि चुकीचा निघाला की वहीत टिपून ठेवायचं.

या आधीच काढून ठेवलेल्या मालाची गंमत बघायची असेल तर बंद पडलेल्या सरकत्या जिन्याकडे जा. त्यासाठी आपल्याकडे फार शोधावं लागत नाही. जिना बंद आहे, पाटी लावली आहे, आपण ती वाचली आहे, समोर लोक पायऱ्या चढून जाताना दिसत आहेत. तरी पहिल्या पायरीवर पाय पडला की शरीर हलकंसं पुढे झुकतं आणि आपण इकडेतिकडे बघून कुणी पाहिलं का याची खात्री करून घेतो. लंडनमध्ये २००३ साली दोन संशोधकांनी सरकती फळी करून नेमका हा प्रयोग केला. फळी आता हलणार नाही असं सांगून, दाखवूनसुद्धा माणसं झुकली. मोठ्या मेंदूला कळलेलं असतं. पण खालपर्यंत परिपत्रक पोचलेलं नसतं.

इथवर सगळी हातापायांची गोष्ट झाली. विचारांशी याचा काय संबंध, हा प्रश्न १९८६ साली उघडपणे विचारला तो हेन्रिएटा आणि ॲलन लायनर या नवरा-बायकोने, रॉबर्ट डाव या मेंदूतज्ज्ञाला सोबत घेऊन. लायनर दांपत्य संगणकाच्या क्षेत्रातलं. माणसात मोठ्या मेंदूचा पुढचा भाग वाढला तसा लहान मेंदूचाही काही भाग वाढला आहे आणि दोघांमध्ये दळणवळण आहे, हे त्यांच्या डोळ्यांत भरलं. एवढी तार टाकली आहे ती काय नुसते पाय हलवायला, असा त्यांचा साधा हिशेबी सवाल होता. मेंदूवाल्यांना हा बाहेरच्यांचा आगाऊपणा वाटला असल्यास नवल नाही. पण दोनच वर्षांनी अमेरिकेत सेंट लुईसला स्टीव्हन पीटरसन, मायकेल रेकल आणि मंडळींनी चालू मेंदूची चित्रं घेतली. माणसांना नाम दाखवायचं आणि त्यांनी त्याला जुळणारं क्रियापद म्हणायचं. पोळी म्हटलं की लाटणे. टाळ म्हटलं की वाजवणे. (लोकल म्हटल्यावर आमच्या गावचा माणूस ‘पकडणे’ म्हणणार नाही, ‘चुकणे’ म्हणेल.) नुसतं नाम वाचून दाखवलं तर जीभ तेवढीच हलते. पण क्रियापद शोधायला लागल्यावर लहान मेंदूच्या उजव्या अंगाला वेगळीच लगबग सुरू झाली. तीच यादी घोटून घोटून पाठ झाल्यावर ती लगबग ओसरली. जिभेचं काम तेच, फरक पडला तो शोधण्याच्या कामात.

मग १९९८ साली बोस्टनचे जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या वीस रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांची बेत आखण्याची, एका विषयावरून दुसऱ्यावर सहज वळण्याची, झटपट शब्द शोधण्याची, नकाशा डोळ्यांपुढे आणण्याची ताकद उणावली होती. काहींचं वागणं सपक झालं होतं, काही नको तिथे नको ते बोलत होते. बुद्धी गेली नव्हती. श्माहमान यांचं म्हणणं असं की लहान मेंदू बिघडला की पेल्याकडे गेलेला हात जसा पेल्याच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो, तसाच विचारही अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो. हे वाचल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. लग्नकार्यात आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उभे राहून पाऊण तास पलीकडे गेलेले गृहस्थ दिसले की पूर्वी मी चिडायचो. आता मी त्यांच्या मानेच्या वरच्या भागाकडे काळजीने बघतो.

या रुग्णांची तपासणी करताना एक सोपा प्रश्न विचारतात: एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगा. घरी करून बघायला हरकत नाही, निदान करायला मात्र बसू नका. गाय, म्हैस, बैल, शेळी असा गोठा पहिल्या काही सेकंदांत रिकामा होतो. मग घोड्यावरून सर्कशीत आणि सर्कशीतून जंगलात जायला लागतं, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचा हा उंबरठाच अनेकांना अडवतो. आमच्या कट्ट्यावर एक जण मांजरानंतर जे थांबले ते ‘वाघ मांजराच्याच जातीतला ना?’ या वादात मिनिट संपवून बसले.

सर्वांत गोड प्रयोग गुदगुल्यांचा. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण कुठे, केव्हा आणि किती, याची वर्दी आधीच लागलेली असते. सेरा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ साली दाखवलं की ही वर्दी देण्यात लहान मेंदूचा हात असतो. पुढे त्यांनी माणसाचा हात आणि गुदगुल्या यांच्यामध्ये एक यंत्र घातलं आणि ते सेकंदाचा किंचित भाग उशिरा हलेल अशी सोय केली. तेव्हा स्वतःच स्वतःला केलेल्या गुदगुल्याही होऊ लागल्या. विनोदी लिहिणाऱ्याची व्यथा यात पुरती आली. स्वतःच्या विनोदावर त्याला हसू येत नाही. त्याला तुमच्यावरच अवलंबून राहावं लागतं.

वर्दी आधी लागण्याचा खरा अधिकारी नमुना मात्र प्रयोगशाळेत नाही, आमच्या घरी आहे.

‘अगं, तो हा कुठे...’

‘टीव्हीच्या मागे.’

‘पण मी चष्म्याचं...’

‘चष्म्याचंच सांगतेय. आणि किल्ली फ्रिजवर आहे.’

किल्लीचं मी विचारलेलंच नव्हतं. चष्मा लावून दारापर्यंत गेलो तेव्हा किल्लीची आठवण झाली. असं वाक्य संपायच्या आत ओळखण्यावरही प्रयोग झाला आहे. इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी लहान मेंदूच्या उजव्या बाजूचं काम चुंबकाच्या साहाय्याने थोडा वेळ विस्कळीत केलं, तेव्हा ऐकणाऱ्याची वाक्याचा शेवट आधीच हेरण्याची चलाखी मंदावली. ही २०१२ सालची गोष्ट. हे मी उत्साहाने घरी सांगायला घेतलं, तर ‘म्हणजे आता मी गप्प बसावं म्हणून डोक्याला चुंबक लावणार का?’ हा प्रश्न माझं वाक्य संपायच्या आत आला होता.

विचार न करता चालणारं हे काम पायांतही दिसतं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या देहूरोडच्या जुन्या हायवेवरून निगडी-आकुर्डीकडे जाते. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाय बघतो. दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पावल्या मृदंगावर अशा पडतात की मोजायची कुणाला गरज नाही. मधेच हिंजवडीकडची हौशी मंडळी घुसतात, पायाकडे बघत पावली टाकतात आणि हमखास चुकतात. म्हाताऱ्याची नजर पायाकडे नसतेच. अभंगाचं पुढचं चरण मात्र त्याला पाऊल पडल्यावर सुचतं. उभं करून ‘म्हणा’ म्हटलं तर तो मधेच अडतो आणि नकळत गुडघा हलवायला लागतो. त्याच देहूरोडात २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. बौद्ध परंपरेत चंक्रमण असतं. सावकाश चालायचं आणि उचललेल्या प्रत्येक पावलाचं भान ठेवायचं. एक वाट पाय विसरायला लावते, दुसरी पाय आठवायला. माझ्यासारख्याला दोन्ही अवघड जातात, कारण माझं लक्ष पायांत अडकणाऱ्या कुत्र्याकडे असतं.

आता पुराव्याची दुसरी बाजू. २०१४ साली चीनमधल्या एका चोवीस वर्षांच्या बाईची हकिगत प्रसिद्ध झाली. चक्कर आणि मळमळ म्हणून ती इस्पितळात गेली, तर तपासणीत लहान मेंदूच दिसेना; जन्मापासूनच नव्हता. ती चालायला सातव्या वर्षी आणि स्पष्ट बोलायला सहाव्या वर्षी लागली होती, चाल थोडी डळमळीत होती, पण संसार नीट चालला होता. तेव्हा लहान मेंदूवाचून विचारच करता येत नाही, असं म्हणण्याची सोय नाही. मोठा मेंदू पदरमोड करून भागवतो. फक्त सगळं उशिरा आणि कष्टाने होतं.

म्हणून मला इतो यांचं २००८ सालचं म्हणणं पटतं, ते अजून सिद्धान्ताच्या पातळीवर असलं तरी. एखादी कल्पना आपण मनात पुनःपुन्हा घोळवली की लहान मेंदू तिची नक्कल करून ठेवतो आणि पुढे ती न बोलावता, न अडखळता येते, असा त्याचा सारांश. टर्नरकाकांना टूल गेल्याचं कळतं तसंच अनुभवी इंजिनिअरला ड्रॉइंग उलगडताच ‘हे इथे अडकणार’ असं दिसतं, कारण मागाहून सुचतं. पण याच वाटेने आमच्या कट्ट्यावरची मतंही येत असावीत, असा मला दाट संशय आहे. हल्लीची पिढी, पेट्रोलचे भाव, कुठल्या पक्षाने काय करायला हवं होतं. प्रश्न अर्धा व्हायच्या आत उत्तर घरंगळत बाहेर येतं. इतकं गुळगुळीत की बोलणाऱ्यालाही तो आत्ताच विचार करतोय असं वाटतं. बिचाऱ्या लहान मेंदूने आपलं काम चोख केलेलं असतं. अंदाज चुकला तर सुधारायचा, एवढंच त्याला ठाऊक. पण कट्ट्यावर चूक झाली असं कळवणारा तो एकुलता तंतू तेवढा कुणाकडेच येत नाही. सगळे एकमेकांना माना डोलावतात आणि चहा मागवतात.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात लहान मेंदूच्या पुढे अजून हालचालींत सुसूत्रता आणणे आणि शरीराचा तोल सांभाळणे, एवढीच कामं दिलेली असतात. पुस्तक तयार करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. ‘शरीराचा’ या शब्दापुढे ‘आणि काही अंशी विचारांचा’ एवढं वाढवावं. शंका वाटत असेल तर कंसात ‘संशोधन चालू आहे’ असं खुशाल छापावं. फक्त परीक्षेत त्यावर प्रश्न विचारू नये. मुलं लगेच पाठ करून टाकतील.